शब्द कोणाचा मानायचा?

इ. स. १३९१-९२ च्या सुमारास कैरोच्या मम्लूक दरबारात एक पत्र पोहोचले. चौकोनी कागद, मगरिबी वळणाचे अक्षर, ओळीला लागून ओळ. वर समास नाही, कडेला नाही. पुढची बाजू भरली म्हणून उरलेला मजकूर पाठीमागे गेला. तो मूळ कागद आता नाही. पण दरबारच्या चिटणीशीत काम केलेल्या अल्-कल्कशंदीने (मृत्यू १४१८) चिटणिसांच्या उपयोगासाठी जो प्रचंड ग्रंथ रचला, त्यात त्याने या पत्राची नक्कल उतरवून घेतली आणि कागद कसा होता तेही टिपून ठेवले. त्याच्या या सवयीमुळेच सहाशे वर्षांपूर्वीची एक तक्रार आज आपल्याला वाचता येते.

पत्र पाठवणारा उस्मान इब्न इद्रीस, चाड सरोवराच्या आसपास पसरलेल्या बोर्नू राज्याचा राजा. त्याच्या घराण्याला इस्लाम स्वीकारून तोवर सुमारे तीनशे वर्षे झाली होती. तक्रार अशी, की जुझाम आणि इतर अरब टोळ्या आमच्या मुलखावर धाड घालतात आणि आमची स्वतंत्र, मुसलमान माणसे, बायकामुले, दुबळे पुरुष, आमचे आप्तसुद्धा धरून नेतात. काहींना ते स्वतःकडे राबवतात, बाकीच्यांना इजिप्त आणि शामच्या (सीरियाच्या) व्यापाऱ्यांना विकतात. उस्मानची मागणी नेमकी आहे. आपल्या अमलातल्या अमीरांना, काझींना, बाजारांच्या अधिकाऱ्यांना हुकूम द्या. त्यांनी शोध घ्यावा, आमची माणसे सापडली की त्यांना विचारावे. आणि ती म्हणाली की आम्ही स्वतंत्र आहोत, मुसलमान आहोत, तर त्यांचे म्हणणे खरे मानावे, त्यांना खोटे पाडू नये.

ही शेवटची मागणी मला फार महत्त्वाची वाटते. सैन्य पाठवा, टोळ्यांना शासन करा, यावर राजाचा भर नाही. बाजारात उभ्या असलेल्या माणसाचा शब्द मानला जावा, एवढ्यावर तो सारे सोडतो. आणि ज्याच्यापुढे हे मागणे मांडले, तो सुलतान बर्कूक स्वतः क्रिमियाच्या बाजारातून खरेदी होऊन इजिप्तला आलेला सर्केशियन होता. या पत्रावर कैरोने काय केले, ते नक्कल सांगत नाही.

उस्मान कोणत्या आधारावर बोलत होता, हे समजण्यासाठी आधी धर्मशास्त्राकडे वळले पाहिजे. गुलामगिरी इस्लामने सुरू केली नाही. सातव्या शतकातल्या अरबस्तानात ती होती, रोमी आणि इराणी मुलखांतही होती. कुराणाने ती बंद केली नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट म्हटले पाहिजे. मालकाला दासीशी शरीरसंबंधाची मुभाही राहिली, आणि त्यात तिची संमती विचारली जात नव्हती. पण बाहेर पडायच्या वाटा कुराणाने पुष्कळ उघडल्या. नव्वदाव्या सूरेत अवघड चढणीची वाट म्हणजे काय, याचे पहिले उत्तर गुलामाची मान मोकळी करणे असे आहे. नवव्या सूरेत जकातीचा पैसा ज्या आठ कारणी लावायचा त्यांत गुलामांची सुटका आहे. चुकून मनुष्यहत्या झाली, शपथ मोडली, तर प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करावा असे सांगितले आहे. चोविसाव्या सूरेत गुलामाने हप्त्याहप्त्याने रक्कम फेडून सुटण्याचा करार मागितला आणि त्याच्यात चांगुलपणा दिसला, तर तो करून द्या, वर आपल्याकडचे द्रव्यही द्या, असा उपदेश आहे. शास्त्रात या कराराला मुकातबा म्हणतात. अबू झर या सोबत्याने सांगितलेल्या हदीसमध्ये तर गुलामांना भाऊ म्हटले आहे: आपण खातो तेच त्यांना घालावे, आपण नेसतो तेच नेसवावे, झेपणार नाही असे काम सांगू नये. मालकापासून मूल झालेली दासी विकता येत नाही आणि मालक मेला की ती मुक्त होते, असा दंडक पुढे बहुतेक शास्त्रकारांनी मान्य केला.

या सगळ्यापलीकडे एक रेघ होती, आणि उस्मान तिच्यावरच बोट ठेवत होता. माणसाची मूळ अवस्था स्वातंत्र्याची, असे शास्त्रकार धरून चालत. स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करता येत नाही. स्वतंत्र माणूस विकून त्याची किंमत खाणाऱ्याच्या विरोधात कयामतीच्या दिवशी स्वतः परमेश्वर उभा राहील, असे एक प्रसिद्ध हदीस आहे. शास्त्राच्या मते गुलामगिरीचा उगम दोनच ठिकाणी: युद्धात पकडलेला बिगरमुस्लिम, नाहीतर दासीच्या पोटचे मूल. मग बाजारात उभा केलेला माणूस या दोहोंत बसतो की नाही, हे सिद्ध कोणी करायचे? त्याने, की त्याला विकणाऱ्याने? ग्रंथातली सगळी दयाबुद्धी या एका प्रश्नाशी येऊन अडत होती.

तोच प्रश्न सव्वादोनशे वर्षांनी टिंबक्टूला पोहोचला. विचारणारा होता तुवातच्या मरुद्यानांतला, म्हणजे आजच्या दक्षिण अल्जीरियातल्या तांड्यांच्या नाक्यावरचा, सईद इब्न इब्राहीम अल्-जिरारी. बोर्नू, कानो, कात्सिना, गाओ, सोंघाय या मुलखांतली माणसे आमच्याकडे विकायला येतात. तिथे तर इस्लाम रुजलेला आहे. मग ती घ्यावीत की नाही? शिवाय लोक म्हणतात की काळे लोक हामचे वंशज, नोहाच्या शापामुळे ते गुलामच असायचे. यात तथ्य आहे का? विचारणाऱ्याच्या मनाला बोचणी लागली होती, हे उघड आहे. पण ती बोचणी विकत घेणाऱ्याची होती.

उत्तर दिले अहमद बाबाने, १६१५ साली. तो कोण हे कळल्याशिवाय त्या उत्तराचे वजन कळत नाही. जन्म १५५६ चा, पिढीजात विद्वानांच्या अकीत घराण्यातला. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सुलतान अल्-मन्सूरच्या फौजेने तोंदिबीच्या लढाईत सोंघायचा पराभव केला. १५९३ मध्ये टिंबक्टूच्या विद्वानांची धरपकड झाली आणि पुढच्या वर्षी त्यांना बेड्या घालून सहारा ओलांडून माराकेशला नेले. वाटेत अहमद बाबा उंटावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याची सोळाशे पुस्तके लुटली गेली, आणि आपल्या नातलगांत सर्वांत कमी पुस्तके आपलीच होती असे तो सांगे. दोन वर्षांनी कैद सुटली, पण माराकेश सोडायला बंदी होती. अल्-मन्सूर वारल्यानंतर त्याच्या मुलाच्या काळात, १६०८ साली, तो घरी परतला. तो राजकीय कैदी होता, गुलाम नव्हता. तरी स्वतंत्र मुसलमानाला मुसलमानच साखळीने बांधून वाळवंट पार करायला लावतात तेव्हा काय होते, हे त्याला सांगोवांगीने कळलेले नव्हते.

त्याच्या पुस्तिकेचे नाव मिराज अल्-सुऊद. उत्तर सरळ आहे: गुलामगिरीचे कारण कुफ्र, म्हणजे इस्लाम न मानणे, रंग नव्हे. काळा असो, तुर्क असो, स्लाव असो, नियम एकच. हामच्या शापाची कथा तो इब्न खल्दूनच्या आधाराने बाजूला सारतो: कातडीचा रंग हवामानाने ठरतो, शापाने नाही. तुम्ही विचारता त्या राज्यांनी आपखुशीने इस्लाम घेतला, त्यांना कोणी जिंकून मुसलमान केले नाही, म्हणून तिथून आणलेल्या कोणालाही विकणे हराम. आपल्या आधी मखलूफ अल्-बल्बालीने असाच निर्णय दिला होता, हे तो आवर्जून सांगतो. आणि पुराव्याचा बोजा? अंदलुसमधल्या जुन्या निवाड्यांचा दाखला घेऊन तो त्या बाजूला उभा राहतो जिथे, माणूस अशा मुलखातला म्हणून ओळखला जात असेल तर, आपली मालकी विकणाऱ्याने शाबित करायची. उस्मान राजाने राजकारणी पत्रातून जे मागितले होते, ते टिंबक्टूच्या पंडिताने शास्त्राच्या भाषेत मान्य केले.

इथेच थांबून अहमद बाबाला गुलामगिरीचा शत्रू ठरवण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण कागद तसे सांगत नाही. त्याच पुस्तिकेत दुसरी यादी आहे: मोसी, गुर्मा, दोगोन, योरुबा आणि आणखी काही. हे लोक मुसलमान नाहीत, म्हणून यांना घ्यायला हरकत नाही. पहिल्या यादीतल्या माणसाला निदान बोलायला एक वाक्य होते, आम्ही स्वतंत्र आहोत, मुसलमान आहोत. दुसऱ्या यादीतल्या माणसाने काय बोलावे, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. इतका विद्वान, इतके सोसलेला माणूस, आणि त्याची करुणा त्या रेघेपाशी थांबते. हे वाचताना जीव कळवळतो.

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी मलिक अंबर येणार, आणि ते योग्यच आहे. इथिओपियातून धरलेला, तांबड्या समुद्राच्या बाजारांतून आणि बगदादेतून हिंदुस्थानात विकला गेलेला, शेवटी निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला हा हबशी १६२६ मध्ये वारला. अहमद बाबा १६२७ मध्ये. दोघे एकाच काळातले. अंबरची फिर्याद टिंबक्टूला गेली असती, तर पहिला प्रश्न एवढाच असता की पकडला तेव्हा तुझा धर्म कोणता होता. त्याने पुढे काय केले, त्याची किंवा खडकी वसवणाऱ्या बुद्धीची तिथे गणती नव्हती.

मोरोक्कोत हीच रेघ एका सुलतानाने उघडउघड ओलांडली. मौले इस्माईलला काळ्या सैनिकांची फौज हवी होती. त्यासाठी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मोरोक्कोतल्या काळ्या लोकांची नोंद करायला घेतली. त्यांत हरातीन म्हणून ओळखले जाणारे, पिढ्यान्पिढ्या स्वतंत्र आणि मुसलमान असलेले लोकही आले. वह्या तयार झाल्या, आणि त्यांवर फेसच्या उलेमांच्या सह्या हव्या होत्या. पुष्कळांनी केल्या. अब्द अल्-सलाम जसूसने केली नाही. ज्यांच्या गुलामीचा पुरावा नाही त्यांना गुलाम लिहिता येत नाही, हे त्याचे म्हणणे. त्याची मालमत्ता जप्त झाली, तो कैदेत पडला, आणि १७०९ मध्ये त्याला ठार मारले. मृत्यूपूर्वी आपण सही का केली नाही, हे त्याने लिहून ठेवले. या सगळ्या दप्तरात एका परक्या, गरीब माणसाच्या स्वातंत्र्यासाठी जीव देणारा मला हा एकच सापडला.

पुढे हौसा मुलखात उस्मान दान फोदियोनेही अहमद बाबाचा आधार घेतला. पण १८०४ च्या त्याच्या जिहादातून उभ्या राहिलेल्या सोकोतो खिलाफतीत गुलामांची संख्या प्रचंड झाली, कारण विरोधकांना काफिर ठरवले की रेघ हवी तिकडे सरकत होती.

शेवट ट्युनिसचा. अहमद बे हा तिथला शासक, १८३७ पासून. त्याची आई सार्डिनियाजवळच्या सान पिएत्रो बेटावरच्या १७९८ च्या धाडीत पकडून आणलेली मुलगी. १८४१ मध्ये त्याने गुलामांची निर्यात बंद केली आणि ट्युनिसचा गुलामबाजार मोडला. १८४२ च्या अखेरीस हुकूम निघाला की यापुढे गुलामांच्या पोटी जन्मणारे मूल स्वतंत्र. जानेवारी १८४६ मध्ये त्याने उलेमांना पत्र लिहून गुलामगिरीच संपवली. त्या पत्रात कारणे आहेत: मालक गुलामांना नीट वागवत नाहीत, आणि मुळात ही मालकीच संशयित आहे, कारण ज्या मुलखांतून ही माणसे येतात तिथे इस्लाम केव्हाच पोहोचला आहे. अहमद बाबाचे तर्कशास्त्र इथे शेवटपर्यंत नेलेले दिसते. संशय एकेकाबद्दल घ्यायचा तो सरसकट सगळ्यांबद्दल घेतला, आणि संशय असताना माणूस विकता येत नाही. हनफी मुफ्ती बैराम आणि मालिकी मुफ्ती इब्राहीम रियाही यांनी मान्यता दिली. ब्रिटिश वकिलाचा आग्रह होता, पळालेले गुलाम परक्या वकिलातींत आश्रय घेऊ लागले तर राज्याची सत्ता खिळखिळी होईल ही भीतीही होती, आणि पत्रात ती दिसते. धर्माने एकट्याने हे केले असे म्हणणे खोटे होईल. धर्माचा काही हात नव्हता म्हणणेही तितकेच खोटे.

पत्राइतकीच त्याची अंमलबजावणी मला मोलाची वाटते. सिदी महरेझ, सिदी मन्सूर आणि बक्रिया या तीन दर्ग्यांत लेखनिक बसवले गेले. जो गुलाम येऊन मागेल त्याला त्यांनी मुक्तिपत्र लिहून द्यायचे होते. मालकाची संमती लागत नव्हती, धर्म कोणता हा प्रश्न आडवा येत नव्हता, आणि आपण मुळात कुठले हे त्याला शाबित करावे लागत नव्हते. तो आला आणि त्याने मागितले, एवढे पुरे.

या हुकमांचे कागद ट्युनिशियाने जपले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत त्यांचा समावेश केला. तरीही ट्युनिसमध्ये घराघरांत गुलाम राहिलेच, आणि १८९० साली पुन्हा एकदा हुकूम काढावा लागला.