एकाच स्वयंपाकघराने दोनदा राखलेली ओळख

परमुलखात राहून घरातली मराठी कशी टिकवायची, हे आपल्या बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. आज लिहितोय ते मात्र आणखी लांबचा प्रवास केलेल्या मराठी माणसांबद्दल. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू.

त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली. गावात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावंही आपल्यासारखीच, गावावरून पडलेली.

मग धर्म टिकला कुठे? माझ्या मते चुलीपाशी. त्यांच्या सणांची जुनी नावंच बघा: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला कोकणात नाव मिळालं ते वालाच्या बिरड्यावरून! त्या सुमारास मांस वर्ज्य, पानात बिरडं. इतिहास पोथीत नव्हता, पण पानात वाढला जात होता.

नोकरीत असताना अहमदाबादला माझी बदली झाली होती. तिथे माझे एक सहकारी बेने इस्रायल होते. रेल्वे, गिरण्या आणि सरकारी नोकऱ्यांमुळे ही कुटुंबं गुजरातेत आली. खमासा भागातलं त्यांचं प्रार्थनालय १९३४ सालचं. त्यांच्या घरी जेवणानंतर चिकाचा हलवा आला. मी म्हटलं, दूध छान आटवलंय. वहिनी हसल्या, "दूध नाही हो भाऊजी, नारळाचं आहे. जेवणात मटण होतं ना!" मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, हा त्यांचा धर्मनियम. कोकणातल्या नारळाने तो पाळणं सोपं केलं. तसाच मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. नवस फेडताना, मंगलकार्यात एलियाहू हनाबीच्या नावाने हे ताट मांडतात. साहित्य सगळं आपल्या घरातलं, स्मरण त्यांच्या प्रेषिताचं.

पुण्यात १८७४ साली त्यांच्या वल्हांडण सणाचं मराठी-हिब्रू पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका देशी वेषात आहेत. अहमदाबादच्या लेखिका एस्थर डेव्हिड यांनी तर भारतीय ज्यूंच्या स्वयंपाकावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं हळूहळू इस्रायलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत स्थिरावली. आणि इथे गंमत उलटी झाली. कोकणात ज्या ताटाने त्यांना ज्यू ठेवलं, तेच ताट तिकडे त्यांना मराठी ठेवतंय. नातवंडं हिब्रूत बोलतात, पण 'मलिदा' आणि 'बिरडं' हे शब्द मराठीच.

वहिनींची मुलंही तिकडेच. त्या फोनवर कृती सांगायच्या: मूठभर हे, अंदाजाने ते. लेकीने शेवटी वजनकाटा घेऊन सगळं वहीत उतरवलं. वहिनी आता नाहीत, वही आहे.

मंडळी, बँकेत आम्ही म्हणायचो, नोंद नाही ती रक्कम नाही. आपल्या आजीच्या, आईच्या हातचं काय काय आपण अजून लिहून ठेवलेलं नाही? कृतीबरोबर तो पदार्थ कुठल्या गावचा, कुठल्या दिवशी आणि का करायचा, तेही लिहा. घरात कोणी सांगणारं असेल, तर आजच विचारा.