बाजरीचे रान आणि उसाचा फड

दौंडच्या स्थानकावर मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात आपल्यापैकी पुष्कळांनी घटका घालविल्या असतील. हा लोहमार्ग कोणाच्या हातांनी झाला, हा प्रश्न मात्र तेथे बसून सहसा कोणाच्या मनात येत नाही. १८७८ साली तो खुला झाला. त्याच्या भरावाची माती १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या बायाबापड्यांनी वाहिली. म्हणजे लोकसंख्या वाढते कशी आणि तिला आळा कोण घालतो, या आजच्या आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या रुळांखालीच पुरलेले आहे. विषय जीवशास्त्राचा आहे. पण भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी तो इतिहासाचाही आहे, आणि आम्ही तो त्याच बाजूने पाहणार आहोत.

प्रथम शास्त्राचे म्हणणे थोडक्यात सांगतो. १७९८ साली माल्थस या इंग्रज पंडिताने आपला प्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. जीवांची संख्या दोनाचे चार, चाराचे आठ अशी दुणावत जाते. अन्न मात्र एकात एक मिळवावा तसे सावकाश वाढते. तेव्हा भूक, रोग आणि मृत्यू हे संख्येला आवरतात, असा त्याचा सिद्धान्त. पुढे १८३८ साली व्हेर्हुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने त्याला रेखीव रूप दिले. आरंभी वाढ संथ असते, मग ती वेग घेते, आणि जागा व अन्न अपुरे पडू लागले की पुन्हा मंदावून एका पातळीवर स्थिरावते. हंडीत विरजण घालावे, तर त्यातील जंतूंचीही अशीच गत होते. या पातळीला आपण त्या जागेची ‘पोसण्याची शक्ती’ म्हणू.

आता हा माल्थस आपल्या जिल्ह्याला अगदीच परका नाही. १८०५पासून तो हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या विद्यालयात अध्यापक होता. हिंदुस्थानात येणारे तरुण अंमलदार तेथे शिकत. त्याच्याच हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल पुणे जिल्ह्यात आला आणि पेशवाई संपल्यावर दहा-बारा वर्षांतच त्याने जमिनीची मोजणी करून नवा सारा बसविला. बी-बियाणे, बैल व मजुरी यांचा खर्च वजा करून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारचा, असा त्याचा हिशेब. हिशेब पुस्तकात चोख होता. पण पिकाचा अंदाज भलताच चढा धरलेला निघाला. कुळे गावे सोडून गेली आणि इंदापुराकडची चांगली जमीन पडीक पडली. अखेर १८३५-३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथे नव्याने मोजणी केली, सारा उतरविला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. तेव्हा माणसे परतली आणि पडीक रान पुन्हा नांगराखाली आले.

येथे क्षणभर थांबावे. पाऊस तोच होता, माती तीच होती. आमच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात सह्याद्रीच्या आडोशामुळे वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. त्यावर बाजरी आणि ज्वारी निघणार. तरीही त्याच जमिनीने एका दशकात कमी माणसे पोसली आणि दुसऱ्यात अधिक. म्हणजे पोसण्याची शक्ती केवळ मातीत नसते. माणसामाणसांत जे व्यवहार ठरतात त्यांतही ती असते. प्रिंगलच्या गुरूच्या कोष्टकात या गोष्टीला फारशी जागा नव्हती.

पुढची हकीकत आपणांस ठाऊक आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी शेतकऱ्यांना हात मोकळे सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला. शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने प्रथम सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, सुप्याच्या बाजारात, कर्जरोख्यांची होळी झाली आणि तिची झळ लगोलग केडगावला व शिरूरच्या गावांना पोहोचली. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेच हे साल. एकीकडे ज्ञानाचा वसंत सुरू होत होता, आणि तेथून दोन दिवसांच्या वाटेवर वैशाखात कागद जळत होते.

अशा कर्जाने पोखरलेल्या मुलखावर दुसऱ्याच वर्षी पाऊस रुसला. दुष्काळी कामांवर दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा, एवढी मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी पुरेशी ठरविली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे त्यावर भागत नव्हते. मजुरांनी कामे सोडली, आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पुण्याहून दौंडावरून सोलापूरकडे जाणारी आगगाडी तेव्हा धावत होती. धान्य आणता येत होते. विकत घेण्याची ऐपत मात्र उरली नव्हती.

खानेसुमारीचे आकडे या काळाची नाडी दाखवितात. १८८१ साली पुणे जिल्ह्यात सुमारे ९ लाख माणसे भरली. ही संख्या १८७२च्या मोजणीहून कमी होती. पुढच्या दहा वर्षांत, बरे पाऊस लागताच, ती १० लाख ६७ हजारांवर गेली. म्हणजे वाढ अठरा टक्क्यांची झाली. त्यात परमुलखी गेलेल्यांचे परतणेही आले. हाच वेग टिकता तर चाळीसएक वर्षांत संख्या दुप्पट झाली असती. पण १८९६चा दुष्काळ आला, १८९७चा प्लेग आला, शतक संपता संपता पुन्हा दुष्काळ आला. आणि १९०१ साली मोजदाद झाली ती ९ लाख ९५ हजारांची. १९१८च्या इन्फ्लुएंझाने तर साऱ्या देशाची वाढ पुसून टाकली. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली.

यातून एक भेद स्पष्ट होतो. एक मर्यादा गर्दीबरोबर हळूहळू आवळत जाते. व्हेर्हुल्स्टची रेषा तिचे चित्र आहे. दुसरी मर्यादा आभाळातून कोसळते, तिला गर्दीशी कर्तव्य नसते. आपल्या पट्ट्यात सरासरी वर्ष कोणाला मारीत नाही. मारते ते वाईट वर्ष. आणि वाईट वर्षात कोण मरणार, हे त्याच्या कणगीत आणि कनवटीला काय आहे यावर ठरते.

म्हणूनच १९७२चा दुष्काळ आम्हांला इतिहासातील एक मोठा टप्पा वाटतो. पाऊस त्या वेळीही रुसलाच होता. पण राज्याने गावोगाव कामे काढली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते यांवर १९७३च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. त्यांना मजुरी मिळाली, पोरांना सुकडी मिळाली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या हातांवरील खडीचे घट्टे खोटे नव्हते, हाल झालेच. परंतु १८७७ची पुनरावृत्ती झाली नाही. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा निघाला. माल्थसचा पहारेकरी दारापर्यंत आला आणि त्याला परत जावे लागले.

दरम्यान पाणीही आले होते. खडकवासल्याचा कालवा एकोणिसाव्या शतकातच दौंड भागात पाटसच्या दिशेने उतरला. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड धरण झाले. पुढे चासकमान व डिंभे यांचे पाणी खेळले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. न्हावऱ्याला आणि पाटसला साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. २०११च्या गणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या पुढे होती. हद्दीतील फेरफार सोडले, तर १८८१च्या दसपट. मर्यादा आपण ओलांडली, असे वाटावे असाच हा देखावा आहे.

पण ऊस एकट्या माणसासाठी उभा राहिला नाही. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. आत दाट सावली, पाटाचे पाणी, आणि भोवती शेळ्या, वासरे, डुकरे व मोकाट कुत्री. बिबट्याला याहून अधिक काय हवे? त्याची मादी शंभर दिवसांच्या आत-बाहेर विते, एका वेळी दोन-तीन पिले होतात, आणि उसाच्या सरीतच ती वाढतात. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यातील शेतीच्या मुलखात पाहणी केली, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच बिबटे आढळले. आणि त्यांच्या खाद्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. आपण स्वतःची पोसण्याची शक्ती वाढविली, तेव्हा न कळत बिबट्याचीही वाढविली.

मग त्याला धरून दूर सोडावे, हा उपाय सुचतो. तोही करून झाला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा चालला. पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले माणसांवर होत. त्या काळात ते सतरावर गेले. कारण समजण्यासारखे आहे. ओळखीच्या मुलखातून उखडलेले जनावर बावरते, आणि त्याची रिकामी जागा दुसरे तरुण जनावर बळकावते. अन्न आणि आडोसा कायम असेतो संख्या पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे सरकते. हेच व्हेर्हुल्स्टचे गणित.

हे गणित कागदावर राहत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूतच्या परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यांत गेली; त्यांत दोन लेकरे होती. लोक संतापून रस्त्यावर आले, आणि पुढे एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. ज्या घरचे लेकरू गेले त्या घराला आकडेवारी सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. नरभक्षक झालेल्या जनावराचा बंदोबस्त व्हायलाच हवा. मात्र एवढ्याने प्रश्न मिटला असे ज्यांना वाटते, त्यांना जुन्नरचे ते चार आणि सतरा हे आकडे जरूर सांगावेत.

इतिहासावरून आम्ही इतकेच शिकलो की, मर्यादा नाहीशी होत नाही. ती जागा बदलते, आणि जेथे जाईल तेथे प्रथम दुबळ्याला गाठते. १८७७ साली ती खडी फोडणाऱ्याच्या पौंडभर धान्यात होती. आज ती शेतवस्तीवरच्या अंगणात आणि ऊसतोडणी करणाऱ्याच्या दार नसलेल्या कोपीपाशी आहे. सारा उतरविला तेव्हा माणसे परतली, मजुरी दिली तेव्हा माणसे जगली. त्याच रीतीने वस्तीवर रात्रीचा दिवा, शेळ्यांना बंदिस्त गोठा, मोकाट कुत्र्यांचा आणि गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांचा बंदोबस्त, तोडणीवाल्यांच्या मुलांना भक्कम निवारा, या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. त्यांचा खर्च उसाच्या उत्पन्नातून निघावा, हे आम्हांला न्यायाचे वाटते; कारण त्या उसाची गोडी आपण शहरवासीही रोज सकाळी चहातून घेत असतो.