खेळाचे मोल आणि मुहूर्त

जयपूरच्या जुन्या शहरात राजरस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या चौकांना चौपड म्हणतात. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीच्या चौकांना सोंगट्यांच्या पटाचे नाव मिळाले आहे. तो पट कापडाचा, कवड्या घरच्या. एकदा शिवला की पिढ्यान्‌पिढ्या पुरावयाचा. त्याला किमतीची चिंता नव्हती आणि बाजारात केव्हा यावे याचीही नव्हती. हे दोन्ही प्रश्न निर्माण झाले ते खेळ यंत्रात शिरल्यावर. दूरचित्रवाणी संचास जोडावयाचे पहिले घरगुती खेळयंत्र, ‘ओडिसी’, अमेरिकेत १९७२ मध्ये विक्रीस आले. तेव्हापासूनचा इतिहास पाहता या यंत्रांचे भवितव्य त्यांच्या गुणांइतकेच मोल आणि मुहूर्त यांवर ठरत आले, असे म्हणावे लागते.

१९९५ चे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘सेगा’ या जपानी कंपनीचे ‘सॅटर्न’ अमेरिकेत २ सप्टेंबरला यावयाचे होते आणि सोनीचे ‘प्लेस्टेशन’ ९ सप्टेंबरला. प्रतिस्पर्ध्यास गाठण्यासाठी सेगाने ११ मे रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात एकाएकी जाहीर केले की, यंत्र निवडक दुकानांत आलेही आहे; किंमत ३९९ डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनीच्या प्रतिनिधीने व्यासपीठावर येऊन एवढेच सांगितले: २९९. सेगाला चार महिन्यांची आघाडी मिळाली खरी. परंतु पुरेसे खेळ तयार नव्हते, वगळलेले दुकानदार रुष्ट झाले आणि शंभर डॉलरचा फरक गिऱ्हाइकाच्या मनात घर करून राहिला. घाईचा मुहूर्त महागात पडला.

चुकलेले मोल मात्र वेळीच सुधारता येते. निंटेंडोने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘थ्रीडीएस’ हे हातातील यंत्र जपानात २५,००० येनला आणले. अपेक्षेइतका खप होईना, तेव्हा ऑगस्टमध्येच किंमत १५,००० येन केली. आधीच्या गिऱ्हाइकांना वीस खेळ विनामूल्य दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. नाताळाच्या आधी झालेल्या या दुरुस्तीने यंत्र सावरले.

आपल्याकडील हकीकत निराळी आहे. १९९० नंतरच्या दशकात आपल्या मुलांच्या हाती जी यंत्रे आली ती बहुधा निंटेंडोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. माल जुना होता. तरी तोवर मध्यमवर्गीयांच्या घरी दूरचित्रवाणी संच पोचला होता आणि नकलेची किंमत पगारदाराच्या आवाक्यातली होती. म्हणून तो खपला.

अस्सल यंत्राला हा मेळ जमला नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १०,००० रुपयांचे बिनव्याजी सण-अग्रिम जाहीर केले. फेड दहा हप्त्यांत. त्या वर्षीची दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. ‘प्लेस्टेशन ५’ अमेरिका व जपानात १२ नोव्हेंबरला आले. भारतात आले २ फेब्रुवारी २०२१ रोजी, ४९,९९० रुपयांना. अग्रिमाची सारी रक्कम त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची! आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली हे खरे. पण माल थोडा होता आणि ज्यांच्यापाशी पैसा असतो त्यांना कोणताही महिना चालतो. पगारदाराची थैली वर्षातून एकदाच सैल सुटते, आणि ती वेळ टळली की त्या पैशांना शाळेची फी व गावी जाण्याचे भाडे या वाटा आपोआप फुटतात.

ही जागा मोबाइलने घेतली, कारण तो घरात आधीच असतो आणि खेळासाठी वेगळे मोल मोजावे लागत नाही. परंतु त्यात एक गोष्ट गमावली. खेळयंत्रापुढे दोन भावंडे एकाच पडद्याकडे पाहत भांडत खेळत; मोबाइलवर बहुधा प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात असतो. बदलीच्या गावी, चुलत-मामे भावंडांपासून दूर सरकारी वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना ही उणीव अधिक जाणवते. दूरच्या कचेरीत ठरलेली एक किंमत आणि एक तारीख आपल्या घरातील मुले एकत्र बसतील की नाही, हेही काही अंशी ठरवून जाते.