कोयनेल आणि काळजाचा ठेका

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या एका कविसंमेलनात कविता वाचता वाचता माझी छाती धडधडू लागली. आधी वाटलं, समोरच्या रसिकांची धास्ती असेल. पण या धडधडीला ठेकाच नव्हता. आयुष्यभर मात्रा मोजण्यात गेलं, आणि मनगटावर बोटं ठेवून चार ठोकेही नीट मोजता येईनात.

मिरजेला गेलो. १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी तिथं रुग्णालय उघडलं. तेव्हापासून आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं, की मिरजेची वाट. ईसीजी पाहून डॉक्टर म्हणाले, ‘एट्रियल फिब्रिलेशन.’ म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होतात. ठेका जुळवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. या औषधांचा इतिहास वाचू लागलो, तर त्यात माझ्या आजोळची वाट निघाली.

माझं आजोळ वाईचं. हिवतापावरच्या कडू औषधाला नानी ‘कोयनेल’ म्हणायची. ते सिंकोना झाडाच्या सालीतून निघतं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. इंग्रजांनी १८६० च्या दशकात ते इकडे आणलं. निलगिरीत, दार्जिलिंगकडे ते रुजलं. वाईच्या वर, महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्यालाही सरकारनं त्याची लागवड करून पाहिली. तिथं मात्र ते तगलं नाही. आता लोक लिंगमळ्याला धबधबा पाहायला जातात.

तापाच्या या औषधाचं हृदयाशी असलेलं नातं एका रोग्यानंच दाखवून दिलं. १९१२ मध्ये कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरांकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी माझ्यासारखीच बेताल होती. डॉक्टरांकडे उपाय नव्हता. व्यापारी म्हणाला, मी कोयनेल घेतो आणि उद्या नाडी ठीक करून येतो. हिवतापाच्या मुलखात वावरताना त्याला हा गुण कळला होता. दुसऱ्या दिवशी नाडी खरोखरच सुरळीत होती! वेंकेबाख यांनी त्याला हसण्यावारी नेलं नाही. १९१४ मध्ये त्यांनी ही हकिकत छापली. पुढे १९१८ मध्ये वॉल्टर फ्रे यांनी त्याच सालीतली इतर द्रव्यं तपासली. त्यांत क्विनिडाइन सरस ठरलं.

कित्येक दशकं क्विनिडाइन वापरात राहिलं. पण काही रोग्यांत हेच औषध अधिक जीवघेणी बेताल सुरू करत होतं. जुने प्रयोग एकत्र मांडून १९९० मध्ये हिशेब केला, तेव्हा ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. मग ते मागे पडलं. आज वापरात असलेल्या अमिओडेरोनचं मूळही एका वनस्पतीत, इजिप्तकडच्या खेल्ल्यात आहे. तेही ठेका राखतं, पण थायरॉइड बिघडवू शकतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

चार महिन्यांत माझा ठेका जुळला आणि मी शहाणपणा केला. रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली. डॉक्टरांना सांगितलंही नाही. पुढच्या खेपेला ते कळलं, तेव्हा ते चांगलेच रागावले. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूकडे गेली, तर अर्धांगवायू होतो. शिवाय ही थरथर रोग्याला न कळताही परत येते. ठेक्याची गोळी वेगळी, रक्ताची वेगळी. पहिलीचा गुण आला, म्हणून दुसरी सोडायची नसते.

घरी येताना तो डच व्यापारी आठवला. त्यानंही स्वतःच्या मनानंच औषध घेतलं होतं. पण त्यानं ते डॉक्टरांना सांगितलं, म्हणून जगाला एक औषध मिळालं. मी लपवलं आणि अर्धांगाला दार उघडं ठेवलं. गोळी पुन्हा सुरू केली आहे. आता डॉक्टरांकडे जाताना खिशात कवितेऐवजी गोळ्यांची यादी असते.