पिकलं डेट्रॉइटला, विकलं केपटाउनला

१९६९ चा उन्हाळा सरत आलाय. डेट्रॉइटच्या टेरा शिर्मा स्टुडिओत तुम्ही काचेच्या अलीकडे उभे आहात. पलीकडे सत्तावीस वर्षांचा एक सडपातळ माणूस गिटार घेऊन एकटाच गातोय. मेक्सिकन कामगाराच्या घरातलं हे सहावं मूल, म्हणून नाव सिक्स्टो. आडनाव रॉड्रिगेझ. आधी त्याचा गळा आणि गिटार टेपवर घ्यायचं, बाकीची वाद्यं मागाहून चढवायची, असा बेत आहे. निर्माते माइक थिओडोर आणि डेनिस कॉफी. यातला कॉफी मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये मुरलेला गिटारवादक. बारमध्ये प्रेक्षकांकडे पाठ करून गाणाऱ्या या माणसाला त्या दोघांनीच हेरलंय.

गाण्यांत मादक द्रव्यं विकणारा आहे, गल्लीबोळ आहेत, महापौर आणि पोलीस यांच्यावरची चीड आहे. आवाज मात्र कुठेही चढत नाही. वाईट बातमी शांतपणे वाचून दाखवावी तसा तो गातो.

मार्च १९७० मध्ये ससेक्स या कंपनीकडून ‘कोल्ड फॅक्ट’ ही रेकॉर्ड बाहेर येते. अमेरिकेत तिला जवळजवळ गिऱ्हाईकच मिळत नाही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या अल्बमचीही तीच गत होते. १९७५ मध्ये ससेक्स कंपनीच बंद पडते, आणि रॉड्रिगेझ घरं पाडण्याच्या, दुरुस्तीच्या कामावर दिसतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण विकायचं तर कुठे? त्यासाठी अटलांटिक ओलांडून खाली उतरा.

१९७४, केपटाउन. झाडांनी भरलेल्या एका उपनगरातली ही खोली गोऱ्या कुटुंबाची आहे, कारण कायद्यानं या भागात दुसरं कुणी राहूच शकत नाही. तुमच्या रंगाच्या माणसाला इथे कुणी हटकलं असतं, पण काळातला प्रवासी अदृश्य असतो. कोपऱ्यात बसा. या देशात टीव्ही नाही. तो १९७६ च्या जानेवारीत यायचाय. जमिनीवर चार-पाच पोरं पसरली आहेत आणि रेकॉर्ड प्लेअरवर तीच ‘कोल्ड फॅक्ट’ फिरतेय. कव्हरवर टोपी आणि काळा चष्मा घातलेला माणूस मांडी घालून एका बुडबुड्यात बसलाय. पोरांना त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक. छापलेली गीतकारांची नावं वाचून तर ती आणखी गोंधळतात: हा रॉड्रिगेझ, हा जीझस रॉड्रिगेझ, आणि हा सिक्स्थ प्रिन्स कोण?

एक जण सांगतो, त्यानं मंचावरच स्वतःला पेटवून घेतलं. दुसरा म्हणतो, छे, गोळी झाडून घेतली. तुमच्या ओठांवर खरं उत्तर आलंय: तो जिवंत आहे, आणि त्याच्या देशात त्याला कुणी विचारत नाही. पहिल्या अर्ध्यावर त्यांचा विश्वास बसेल, दुसऱ्यावर मुळीच नाही. या खोलीत त्याची रेकॉर्ड बीटल्सच्या रेकॉर्डशेजारी ठेवलेली असते. जगभर असंच असणार, असं ही पोरं धरून चालली आहेत. वर्णभेदामुळे देश जगापासून इतका तुटलाय की त्यांचा हा समज खोडून काढणारं कुणी भेटतच नाही.

आता सरकारी रेडिओच्या संग्रहात डोकावा. मादक द्रव्यं विकणाऱ्यावरचं ‘शुगर मॅन’ हे गाणं असलेली तबकडी उजेडात तिरकी धरा. टोकदार हत्यारानं त्या गाण्यावर मुद्दाम ओरखडे काढलेले दिसतील, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ते लावू शकणार नाही. पण सक्तीच्या लष्करी सेवेत अडकलेल्या पोरांच्या बराकीत जा. तिथे त्याच गाण्याची कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली प्रत वाजतेय. सत्तेविरुद्ध असंही बोलता येतं, हे यातल्या अनेकांना पहिल्यांदा या अल्बमनं कळवलंय. ज्या गायकाला ते उराशी धरून आहेत, तो स्वतः त्यांच्या शेजारघरात कायद्यानं राहू शकला असता का, हा प्रश्न मात्र बराकीत कुणाच्या मनात आलेला दिसत नाही.

६ मार्च १९९८. आता अदृश्य राहायची गरज नाही. वर्णभेदाची राजवट संपून चार वर्षं होत आलीत. तिकीट काढा आणि केपटाउनजवळच्या बेलव्हिल व्हेलोड्रोममध्ये शिरा. गर्दी हजारोंची, आणि अजूनही बहुतेक गोरी. स्टीफन सेगरमन आणि क्रेग बार्थोलोम्यू या दोन चाहत्यांनी मेलेल्या गायकाचा माग काढायला सुरुवात केली होती. गाण्यातल्या डिअरबॉर्न या गावाच्या नावावरून धागा डेट्रॉइटपर्यंत गेला, आणि १९९७ मध्ये सापडला तो चालताबोलता माणूस.

शेजारची बाई अजून साशंक आहे. कुणीतरी तोतया उभा करतील, असं तिचं म्हणणं. बिग स्काय या स्थानिक बँडचा बेसवादक ‘आय वंडर’ची सुरावट छेडतो आणि सगळं सभागृह उभं राहतं. काळ्या चष्म्यातला पंचावन्न वर्षांचा माणूस मंचावर येतो. आरडाओरडा इतका की त्याला गाणं सुरूच करता येत नाही. तो नुसता उभा राहून बघतो. मला जिवंत ठेवल्याबद्दल आभार, असं तो म्हणतो तेव्हा लोक हसतात आणि रडतात. पहिला सूर लागताच शेजारची बाई शब्द न् शब्द गाऊ लागते. तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगाही गातोय, कारण घरात हेच ऐकत तो वाढलाय.

या मुलाला कुणी सांगावं की हा गायक पडलेला होता? इथल्या विक्रीचे पैसे आपल्यापर्यंत आलेच नाहीत, असं रॉड्रिगेझ पुढे सांगेल, आणि तो अन्याय खराच. २०१२ मध्ये त्याच्यावर माहितीपट येईल, त्याला ऑस्कर मिळेल, आणि जग ‘हरवलेला कलावंत सापडला’ असं म्हणेल. ऑगस्ट २०२३ मध्ये तो जाईल तेव्हा बातम्यांतही तोच सूर असेल. तुम्ही मात्र व्हेलोड्रोममध्ये होतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी रॉड्रिगेझला ‘उपेक्षित’ म्हणालं, तर विचारा, कुठे?