'उजिगामी' : कुलदैवत की ग्रामदैवत?

जपानी धर्मजीवनाविषयी मराठीत लिहिताना 'उजिगामी' या शब्दाचे भाषांतर 'कुलदैवत' असे करण्याचा मोह होतो. 'उजि' म्हणजे कुल व 'कामी' म्हणजे दैवत. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे भाषांतर निर्दोष आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे ठरते.

प्राचीन काळी उजिगामी हे एका कुलाचे दैवत असे. नारा येथील कासुगा देवस्थान फुजिवारा कुलाचे. त्याची स्थापना परंपरेने इ. स. ७६८ मधील मानली जाते. तेथील चार दैवतांपैकी आमेनोकोयाने हा त्या कुलाचा मूळपुरुष. परंतु ताकेमिकाझुचि व फुत्सुनुशि ही दैवते पूर्वेकडील काशिमा व कातोरी येथून आवाहन करून आणलेली. तथापि या आवाहनाने मूळ स्थाने रिकामी झाली नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

याखेरीज आणखी दोन संज्ञा होत्या. 'चिंजु' म्हणजे स्थानरक्षक दैवत. तोदाइजि या बौद्ध मंदिराचा रक्षक हाचिमान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. 'उबुसुना' म्हणजे जन्मभूमीचे दैवत. मध्ययुगात गावे संघटित होत गेली, तसतशा या तिन्ही संज्ञा एकमेकींत मिसळल्या. 'उजिको', म्हणजे शब्दशः कुलाचे मूल, हा शब्द देवस्थानाच्या हद्दीतील सर्वच रहिवाशांना लागू झाला. शब्द कुलाचा राहिला. अर्थ भूमीचा झाला.

हा अर्थभेद केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय नाही. १९०६ पासून शासनाने एका गावास एक देवस्थान या धोरणाने देवस्थानांचे विलीनीकरण आरंभिले. सुमारे दहा वर्षांत अंदाजे ७०,००० देवस्थाने नाहीशी झाली. मिए व वाकायामा या प्रांतांस सर्वाधिक झळ पोहोचली. दैवत शेजारच्या देवस्थानात नेल्यास त्याची उपासना खंडित होत नाही, अशी या धोरणामागील धारणा होती. वाकायामाचे निसर्गशास्त्रज्ञ व लोकविद्येचे अभ्यासक मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) यांनी तिला कडाडून विरोध केला व १९१० मध्ये त्यापायी कारावासही भोगला. देवस्थानाबरोबर त्याची देवराई, म्हणजे 'चिंजु नो मोरि', तोडली जाते आणि गावकऱ्यांचे एकत्र येण्याचे ठिकाणही जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची पत्रे यानागिता कुनिओ यांनी १९११ मध्ये छापून प्रसृत केली.

काशिमाचे दैवत नाराला गेले तेव्हा काशिमा ओस पडले नाही. विलीनीकरणात मात्र मूळ स्थानच पुसले गेले. म्हणून आठव्या शतकातील उजिगामीस 'कुलदैवत' म्हणावे. विसाव्या शतकात ज्याची देवराई तोडली गेली, त्यास 'ग्रामदैवत' म्हणणेच यथार्थ होय.