ढगांची साक्ष

वेधशाळेने ‘आकाश निरभ्र राहील’ असे सांगितले की छत्री घेऊन बाहेर पडावे, हा विनोद आपल्याकडे इतका जुना झाला आहे की आता त्याला कोणी हसतही नाही. वादळाच्या अंदाजांचा इतिहास वाचू लागल्यावर मला मात्र त्याहून मोठी गंमत सापडली. वादळ म्हणजे ढग आणि पाऊस. आणि वादळाचे गणित मांडणारे शास्त्र कित्येक वर्षे ढगांची आणि पावसाची निरीक्षणेच वेचून बाजूला टाकत होते!

आरंभी तसे नव्हते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज गृहस्थ राहत असे. तो पूर्वी व्यापारी जहाजावर कप्तान होता. पुढे तेथील सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. जहाजांवरच्या आपत्तींच्या जबान्या ऐकणे हा त्याचा व्यवसायच म्हणा ना! वादळात सापडलेल्या गलबतांच्या रोजनिश्या त्याने चिकाटीने जमवल्या. वारा कोणत्या दिशेने फिरला, वायुभारमापकाचा पारा किती उतरला, आभाळ कसे दिसत होते, हे सारे तो ताडून पाही. ‘चार्ल्स हेडल’ नावाचे एक जहाज 1845 च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ वादळात सापडले. वाऱ्यापुढे पळत सुटलेल्या त्या जहाजाने पाच दिवसांत पाच वेढे घेतले, हे पिडिंग्टनने त्याच्या रोजनिशीवरून नकाशावर काढून दाखवले. 1848 साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने अशा वादळाला सर्पाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हे नाव दिले. ते आज जगभर चालते.

या माणसाचे सरकारने ऐकले का? 1853 साली त्याने गव्हर्नर जनरलला लिहून कळवले की मातला नदीवर नवे बंदर बांधू नका, समुद्र ते गिळून टाकील. बंदर बांधले गेले; 1867 च्या वादळाने त्याची वाट लागली. पिडिंग्टन तत्पूर्वीच, 1858 साली, वारला होता. दरम्यान 1864 च्या ऑक्टोबरात खुद्द कलकत्त्यावर वादळ येऊन सुमारे साठ हजार माणसे मेली. तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली आणि 1875 साली भारतीय हवामान खाते निघाले.

विसाव्या शतकात वादळ न्यायालयातून गणिताच्या वर्गात आले. लुईस रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता हाताने आकडेमोड करून सहा तासांच्या हवेचे भाकीत मांडून पाहिले. ते साफ चुकले, आणि तरीही 1922 साली त्याने ते प्रामाणिकपणे छापले. (मला हा माणूस फार आवडतो.) 1950 मध्ये तेच काम यंत्राने करून दाखवले. 1960 च्या एप्रिलमध्ये पहिला हवामान-उपग्रह वर गेला आणि वादळाचे वेटोळे माणसाला वरून दिसले.

आता अडचण कोठे आली ते पाहा. माणसाच्या डोळ्याला ढगाचे चित्र उपयोगी पडे. त्याच्या आकारावरून वादळाचा जोर ताडण्याची रीत व्हर्नन ड्वोरॅक याने 1970 नंतरच्या दशकात बसवली. यंत्राला मात्र चित्र नको, आकडे हवेत. उपग्रह खालून येणारे प्रारण मोजतो आणि त्यावरून उष्णता व आर्द्रता कळते. अवरक्त प्रारणाला ढगाने पडदा घातला की खालचे काही दिसत नाही. सूक्ष्मलहरी ढगातून पार येतात, पण जोराच्या पावसात नि हिमकणांत त्याही गोंधळतात. शिवाय गणिताने पाऊस येथे मांडलेला असतो आणि उपग्रहाला तो पन्नास कोसांवर दिसतो. दोहोंची वजाबाकी केली की भलताच आकडा निघून सारे गणित बिघडते. म्हणून शास्त्रज्ञांनी ढगाळ जागेची मोजमापे गाळण्याचा सोपा मार्ग धरला. त्यात मूर्खपणा नव्हता, नाइलाज होता. परंतु परिणाम असा की जेथे वादळ तेथेच साक्षीदार नाही.

इंग्लंडातील रेडिंग येथे युरोपीय देशांचे हवामान केंद्र आहे. तेथल्या मंडळींनी अनेक वर्षे खपून 2009 साली ही रीत मोडली. त्यांची युक्ती शिक्षकाला सहज पटावी अशी आहे. गणित किंवा उपग्रह, दोघांपैकी एकानेही ढग आहे म्हटले की त्या मोजमापावर भरवसा कमी ठेवायचा, पण त्याला वर्गाबाहेर काढायचे नाही. पुढची गोष्ट त्याहून सरस. बारा तासांची निरीक्षणे एकत्र धरून गणित विचारते, हा ढग येथे येण्यासाठी वारा आधी कोठून वाहिला पाहिजे? मग त्याप्रमाणे ते आपला वारा दुरुस्त करते. ढगावरून वारा काढायचा! पिडिंग्टनला हे ऐकून नवल वाटले नसते.

आपल्याकडेही याचा धागा आहे. उष्ण कटिबंधातील ढग आणि आर्द्रता मोजण्यासाठी भारत व फ्रान्स यांनी मिळून ‘मेघा-ट्रॉपिक्स’ उपग्रह 12 ऑक्टोबर 2011 रोजी सोडला. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, ‘फायलिन’ वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. 1999 च्या महावादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली होती. या वेळी मृतांची संख्या शंभराच्या आतच राहिली. त्याचे श्रेय कोणा एका उपग्रहाला देणे खोटेपणाचे होईल. निवारे बांधलेले होते, लाखो माणसे आधी हलवलेली होती. पण माणसे हलवायची तर कोणत्या गावची, हे दोन-तीन दिवस अगोदर कळावे लागते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला शिरले. इशारा आधी मिळाला होता. माणसे हलली, नारळी-सुपारीच्या बागा हलणार कशा? त्या आडव्या झाल्या. वादळ जमिनीवर आले की उपग्रहाचे कामही अवघड होते. समुद्राची पाठ सूक्ष्मलहरींना थंड दिसते, म्हणून तिच्यावर पाऊस उठून दिसतो. जमीन मात्र स्वतःच भरपूर प्रारण सोडते, आणि डोंगर, रान, ओली माती यांचे ते जागोजाग निराळे. त्यामुळे समुद्रावरच्या पावसाइतकी सह्याद्रीवरच्या पावसाची मोजमापे अजून गणितात भरवशाने घेता येत नाहीत. त्यावर काम चालू आहे.